हँबर्ग व्हाया मेहरूण

आमचा एक भाचा हँबर्गला असतो. तो तिथं नेमकं काय करतो हे त्याच्या आईलाही सांगता येत नाही. ‘कॉम्प्युटरमध्ये आहे’ एवढंच ती सांगते, जणू पोरगं त्या पेटीत जाऊन बसलंय. दोन वर्षांपूर्वी डिसेंबरात तो मेहरूणला आमच्याकडे आला आणि रात्री साडेनऊला, जेवणं आटोपून मी दाराला कडी घालीत असताना, त्यानं विचारलं, “मामा, जळगावात नाइट लाइफ काय आहे?”

“आहे ना,” मी म्हणालो, “डास आहेत.”

मेहरूणला तलाव असल्यामुळे हे उत्तर शंभर टक्के खरं होतं. पण भाच्याचं समाधान झालं नाही. त्यानं मोबाइल काढला आणि मला हँबर्गची एक गल्ली दाखवली. दोन्ही बाजूंना लाल-निळे दिवे, दर चार दारांमागे एक बार, आत कुणी गिटार बडवतंय, बाहेर कुणी भिंतीला टेकलंय. “या गल्लीत बीटल्स वाजवायचे,” तो अशा सुरात म्हणाला की, आपण आळंदीत ज्ञानेश्वरांच्या भिंतीकडे बोट दाखवतो ना, तसं.

मी इतिहासाचा मास्तर. पस्तीस वर्षं पानिपत शिकवलं, म्हणजे पस्तीस वेळा हरलो. त्यामुळे कुठंही ‘इथं पूर्वी अमुक होतं’ असं कुणी म्हटलं की माझा हात आपोआप खडूकडे जातो. भाचा परत गेला, पण त्याचा प्रश्न आमच्या ओसरीवरच राहिला. मग मी हँबर्गचंही वाचलं आणि आमच्याकडच्या रात्रींचाही हिशेब मांडला. तो इथं देतो.

तर १७ ऑगस्ट १९६० च्या रात्री लिव्हरपूलची पाच पोरं हँबर्गच्या एका क्लबात वाजवायला उभी राहिली. त्या क्लबाचं नाव काय असावं? ‘इंद्रा’! पाटीवर हत्ती. आमच्या वेदांतला सोमरसाचा सर्वांत मोठा गिऱ्हाईक जर्मनीत जाऊन दारूचं दुकान काढील असं सायणाचार्यांनाही वाटलं नसेल. पोरं रोज चार-साडेचार तास आणि शनिवार-रविवारी सहा तास वाजवीत. मालक समोरून ओरडायचा, ‘काहीतरी करून दाखवा!’ पुढं काय झालं? वरच्या मजल्यावर एक म्हातारी राहत होती, तिनं आवाजाची तक्रार केली आणि ऑक्टोबरात ‘इंद्रा’तलं वाजवणं बंद पडलं. पोरं गल्लीतल्याच दुसऱ्या क्लबात गेली. नोव्हेंबरात पोलिसांच्या लक्षात आलं की, जॉर्ज हॅरिसन सतराच वर्षांचा आहे आणि अठराच्या आतल्यांना रात्री उशिरा अशा जागी थांबता येत नाही. त्याला देशाबाहेर काढलं.

हे वाचून मला हँबर्गबद्दल एकदम आपुलकी वाटायला लागली. शेजारची म्हातारी आणि रात्रीचा नियम या दोन्ही संस्था तिथंही आहेत म्हणायच्या.

त्या ऑगस्टात आमचं महाराष्ट्र राज्य साडेतीन महिन्यांचं होतं, आणि मी आठ वर्षांचा. मेहरूण तेव्हा जळगावाबाहेरचं खेडं. बोरांच्या बागा, तलाव आणि काळोख. मेहरूणची बोरं लांबलांबपर्यंत जात, मेहरूणचा माणूस मात्र फार तर जळगावच्या बाजारापर्यंत. आणि दारू? ती कायद्यानं अख्ख्या राज्यात नव्हती. म्हणजे हँबर्गात ज्या वर्षी पोरांनी रात्र डोक्यावर घेतली, त्या वर्षी आमच्याकडे घोटभर प्यायची तर सरकारी परवाना लागत होता.

पण एकदम १९६० वर उडी मारणं बरं नव्हे. खानदेशातली पिण्याची परंपरा सातपुड्याइतकी जुनी. मोहाची फुलं गळायला लागली की भिलांच्या पाड्यावर ती वेचायची, वाळवायची, आंबवायची आणि घरच्या मडक्यातनं गाळायची. लग्नाला, देवाला, मयताला, सगळीकडं तीच. मग १८७८ साली मुंबई इलाख्यात आबकारीचा कायदा आला. स्वतःच्या रानातल्या फुलांची दारू स्वतः गाळणं हा गुन्हा ठरला आणि ठेकेदाराच्या दुकानात पैसे मोजून पिणं हा कायदेशीर व्यवहार. इंग्रजाला दारूचं वावडं नव्हतंच, फुकट दारूचं होतं. म्हणून पुढं स्वातंत्र्याच्या चळवळीत दारूच्या दुकानांपुढं निरोधन सुरू झालं, तेव्हा ते धर्माचं जितकं होतं तितकंच तिजोरीचंही होतं.

डिसेंबर १९३६ मध्ये आमच्या फैजपूरला काँग्रेसचं अधिवेशन भरलं, खेड्यात भरलेलं पहिलं. अध्यक्ष नेहरू, मुक्कामाला गांधीजी, आणि बांबूंचं अख्खं नगर सजवायला शांतिनिकेतनाहून नंदलाल बोस. डिसेंबरातली खानदेशातली थंडी म्हणजे दात वाजवणारी. एवढी माणसं, एवढ्या रात्री आणि पेयं म्हणून पाणी नि दूध! भाच्याला मी हे फोनवर सांगितलं तर तो म्हणाला, “मग लोक थांबले कसे?” आता काय सांगणार? पुढल्याच वर्षी त्या मंडळींचं मंत्रिमंडळ आलं. १ ऑगस्ट १९३९ ला मुंबई शहरात दारूबंदी झाली, लढाईत ती बारगळली, आणि स्वराज्य आल्यावर १९४९ चा दारूबंदी कायदा आला. एप्रिल १९५० पासून मुंबई राज्य कोरडं ठणठणीत.

गंमत अशी की, हा कायदा आजही आहे. महाराष्ट्रात जो कुणी बारमध्ये बसून ग्लास उचलतो, तो दारूबंदी कायद्याखाली उचलतो. दारू पिण्याचा परवाना आजही असतो. एका दिवसाचा, वर्षाचा किंवा आजन्म. बिअरला वय एकवीस, कडक मालाला पंचवीस. लग्नाला एकवीस वर्षांचा मुलगा चालतो, पण ते दुःख विसरायला त्याला आणखी चार वर्षं थांबावं लागतं.

जुन्या काळचा परवाना मी डोळ्यांनी पाहिलेला आहे, कारण तो माझ्या मामांकडे होता. मामा एका सरकारी कचेरीत कारकून. डॉक्टरचा दाखला जोडून अर्ज करायचा, मग आपल्याला प्रकृतीसाठी दारूची गरज असल्याचं सरकार मान्य करी. महिन्याला ठरावीक माप मिळे. मामी तो कागद रेशनकार्डाच्या पिशवीत ठेवायची आणि मामा झोकांड्या खात घरी आले की आल्यागेल्याला सांगायची, “ह्यांची प्रकृती आज जरा जास्तच सुधारलीय.”

सत्तरीच्या आगेमागे सरकारनं दोरी सैल सोडली. मग गावोगाव ‘परमिट रूम’ उगवल्या. पाठोपाठ ‘सरकारमान्य देशी दारूचे दुकान’ ही पाटी आली. माझ्या शाळेच्या पाटीवर ‘सरकारमान्य’ आणि समोरच्या दुकानाच्या पाटीवरही ‘सरकारमान्य’. अनुदान आम्हांला उशिरा येई, त्यांच्याकडून सरकारला वेळेवर जाई. माझ्या एका विद्यार्थ्यानं निबंधात ‘आमच्या गावात दोन सरकारमान्य संस्था आहेत’ असं लिहिलं होतं. मी त्याला दहापैकी नऊ मार्क दिले.

मामांचं आरोग्य परमिट रूम आल्यावर कागदात मावेना. १९८४ साली ते गेले. पोटात पाणी झालं होतं. वय पन्नास. मामीच्या चार पाटल्यांपैकी शेवटची त्या आजारपणात गेली. आधीच्या तीन कशात गेल्या हे सगळ्यांना ठाऊक होतं आणि कुणी विचारलं नाही. त्यामुळे कुणी पेल्याचं फार रसभरीत वर्णन करायला लागलं की मी विषय भरताकडे वळवतो.

पण मामांचा दुसरा अर्धा भाग सांगितल्याशिवाय पुढं जाता येत नाही. मामांना ताल होता. तुपाच्या रिकाम्या डब्यावर ते अशी ढोलकी वाजवीत की शेजारच्या म्हशी दूध द्यायच्या थांबत. लग्नात बँडवाला आला की मामा आधी त्याच्या क्लॅरिनेटशी बोलायचे, मग नवरदेवाशी. आणि आता मी जे सांगणार आहे ते त्यांना कळलं असतं तर त्यांनी मला मिठी मारली असती.

मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात १९३५ साली लिऑन ॲबी नावाचा एक काळा अमेरिकन व्हायोलिनवादक आपला जाझचा ताफा घेऊन आला. ते ऐकून गोव्याची पोरं पेटली. त्यांतला अंतोनियो वाझ, लोक त्याला ‘चिक चॉकलेट’ म्हणत, ट्रंपेटवर लुई आर्मस्ट्राँगचा मुंबईतला अवतार समजला जाई. पुढं दारूबंदी आली आणि हॉटेलांतल्या त्या रात्रींचा रंग उडाला. गोव्याचे वादक सिनेमाच्या स्टुडिओत आधीपासून जात होतेच, ते आता तिकडंच अधिक रमले. आमच्या पुणतांब्याच्या सी. रामचंद्रांनी चिकला हाताशी धरलं, आणि १९५१ च्या ‘अलबेला’त तर तो आपल्या ताफ्यासकट, झालरीच्या बाह्यांचे झगे घालून, पडद्यावरच आला. ती गाणी रेडिओवरनं जळगावात उतरली आणि जळगावच्या बँडनं ती लग्नाच्या वरातीत वाजवली. लाल कोटावर पिवळी झालर, पायांत चपला, आणि तोंडात अमेरिकेतनं ताज, ताजमधनं दादर, दादरहून खानदेश असा प्रवास करून आलेला सूर! पुढं नवरदेवाचा घोडा, मागं गॅसबत्त्या डोक्यावर घेतलेल्या बाया. न्यू ऑर्लिन्सचा जाझ मेहरूणच्या धुळीत नाचत होता आणि आम्हांला वाटत होतं, हा आपल्या भगवानदादांचाच नाच.

आता तमाशा. पांढरपेशा घरांत हा शब्द ‘काय तमाशा लावलाय!’ एवढ्यापुरताच उच्चारला जाई. पण जत्रेत कनात लागली की गावातले निम्मे पांढरपेशे मफलरीत तोंड गुंडाळून मागच्या रांगेत असत. एकमेकांना ओळख न देण्याचा करार होता. मला मामांनी पहिल्यांदा नेलं तेव्हा मी दहा वर्षांचा असेन. आधी गण, मग गवळण, त्यात ती मावशी, मग बतावणी. मध्यरात्र उलटली की वग सुरू व्हायचा आणि राजाचा न्याय होईस्तोवर पूर्वेला तांबडं फुटायचं. माणसं बैल सोडायला तिथनंच परस्पर शेतावर जात. हँबर्गातली पोरं सहा तास वाजवीत म्हणून जग तोंडात बोट घालतं. आमचा ढोलकीवाला आठ तास वाजवी आणि सकाळी फडाचा तंबूही उतरवू लागे.

विठाबाई नारायणगावकरांची गोष्ट तर सगळ्या महाराष्ट्राला पाठ आहे. दिवस भरलेले असताना त्या बोर्डावर नाचत होत्या. कळा आल्या तशा आत गेल्या, बाळंत झाल्या, दगडानं नाळ तोडली आणि कंबर कसून पुन्हा बाहेर आल्या. दोनदा राष्ट्रपतींकडून त्यांचा गौरव झाला. २००२ साली गेल्या तेव्हा मागं कीर्ती होती आणि शेवटच्या दिवसांतली ओढग्रस्ती. सारंगखेड्याच्या घोड्यांच्या जत्रेत तमाशाचे फड उतरत, तेव्हा लोक घोडे बघायला जातो असं सांगून जात. कित्येकांना परत आल्यावर घोड्याचा रंग सांगता येत नसे.

इथवर सगळी रात्र पुरुषांची झाली. पण आमच्याकडे बायांचीही एक हक्काची रात्र आहे, आणि तिला ना परवाना लागतो ना तिकीट. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई बसते. नारळाला देवी म्हणून सजवायचं, रोटाचा स्वयंपाक करायचा आणि रात्रभर गाणी, फुगड्या, नाच. एरवी सासऱ्यापुढं मान वर न करणारी सून त्या रात्री अंगात वीज आल्यासारखी नाचते आणि सासरा ओसरीवर मुकाट डुलक्या घेतो. सोमवारी सकाळी वाजतगाजत विसर्जन. हँबर्गच्या बायांना सुद्धा असा मोकळेपणा मिळत असेल की नाही शंका आहे, निदान सासूच्या सोबतीनं तरी नाही.

आणि थंडीतलं भरीत! शेतावर रात्री कापसाच्या वाळल्या काड्यांचा जाळ करायचा, त्यात हिरवी वांगी भाजायची, लाकडी बडगीत मिरच्या-लसणासकट ठेचायची, वरनं कांद्याची पात नि दाणे, सोबत कळण्याची भाकरी. त्यावर जो डुलत नाही त्याला दारूचाही उपयोग नाही.

आता माझी तक्रार. २००० साली आवाजाचे नियम आले. जुलै २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं रात्री दहा ते सकाळी सहा कर्णे बंद म्हणजे बंद असं बजावलं. आजारी माणूस, परीक्षेची पोरं, झोपमोड झालेली म्हातारी, सगळ्यांची बाजू मला पटते. मी स्वतः आता त्या म्हातारीच्याच वयाचा आहे. पण नियमातली एक बारीक ओळ पाहा. ही बंदी उघड्यावरच्या आवाजाला. बंद दालनाला, मेजवानीच्या हॉलला सूट. म्हणजे वातानुकूलित बारमध्ये बारापर्यंत ऑर्केस्ट्रा चालेल, पण आकाशाखाली बसलेल्या हजार शेतकऱ्यांचा वग दहाला गुंडाळायचा. जो वग बाराला सुरू व्हायचा तो दहाला संपवणार कसा? सरकार सणासुदीला काही दिवस बारापर्यंत मुभा देतं, पण जत्रा काही सरकारी यादी बघून भरत नाहीत. त्याच २००५ च्या ऑगस्टात मुंबईचे डान्स बार बंद झाले. त्यांतल्या मुलींचं काय, हे विचारायला कोर्टाला २०१३ आणि मग २०१९ उजाडलं.

बाटलीचं मात्र असं कधी अडत नाही. डिसेंबर २०१६ मध्ये न्यायालयानं महामार्गांपासून पाचशे मीटरांत दारूविक्री नको म्हटलं. १ एप्रिल २०१७ पासून अंमल. आमच्या जळगावच्या पोटातनं महामार्ग गेलेला, त्यामुळे निम्म्या बारवर कुऱ्हाड. मग काय झालं? बार हलले नाहीत, रस्ते हलले! शहरातले काही रस्ते राज्याकडून महापालिकेकडे वर्ग झाले आणि एका रात्रीत महामार्गाची गल्ली झाली. गावात त्यावरून चांगलाच गदारोळ उठला. जुलैत न्यायालयानंच शहरांच्या हद्दीत ही बंदी लागू नाही असा खुलासा केला. पस्तीस वर्षांत आमच्या शाळेसमोरचा खड्डा एका खात्याकडून दुसऱ्या खात्याकडे गेला नाही.

आणि २०२० च्या टाळेबंदीत तर कहर झाला. मे महिन्यातच दारू घरपोच द्यायची परवानगी निघाली. तमाशाचे फड दोन हंगाम बंद राहिले, कारण जत्राच नव्हत्या. ट्रक उभे, तंबू घडीत, ढोलक्या खुंटीला. कुणी ढोलकी घरपोच देत नव्हतं.

यावर एकच उपाय कायद्यात आहे आणि तोही मी पाहिला. २००८ च्या आदेशानं गावातल्या बायांनी मागणी केली तर दुकानाबाबत गुप्त मतदान घेता येतं. चिठ्ठीवर दोन चित्रं, उभी बाटली आणि आडवी बाटली. दुकान चालू हवं तर उभी, बंद हवं तर आडवी. मामा गेल्यावर मामी माहेरी, तापीकाठच्या एका गावी राहायला गेली होती. २०१० च्या सुमारास तिथं हे मतदान झालं. मामी बहात्तर वर्षांची, दारोदार फिरून बायांना शिकवीत होती, “उभीवर नको गं मारू शिक्का, आडवीवर. आपले नवरे पडतात तशी आडवी.”

आडव्या बाटलीला मतं भरपूर पडली, उभीला तिच्या चौथाईही नाहीत. पण नियम असा की, झालेल्या मतांच्या नव्हे, यादीतल्या एकूण मतदारांच्या निम्म्याहून जास्त मतं आडवीला हवीत. यादीतली कितीतरी नावं सुरतेला गिरणीत कामाला, काही नावं स्वर्गात. सतरा मतं कमी पडली. दुकान राहिलं.

निकाल ऐकून मामी मला म्हणाली, “काय रे भाऊ, तू एवढा मास्तर. सुरतवाले आले नाहीत, मेलेले आले नाहीत, मग त्यांचं मत बाटलीला कसं गेलं?”

त्याच श्रावणात तिच्याकडे कानबाई बसली. मी मुद्दाम गेलो होतो. कर्णा लावायची परवानगी नव्हती, म्हणून पोरांनी तो काढून ठेवला आणि मामीनं तुपाचा डबा मागवला. मामांचाच डबा, इतकी वर्षं तिनं जपला होता. अकराला समोरच्या दुकानाचं शटर खाली आलं. डब्यावरचा ताल चालूच होता. मध्यरात्रीनंतर दुकानदाराची बायको रोटाचं ताट घेऊन आली, ताट देवीपुढं ठेवलं, पदर खोचला आणि मामीच्या हाताला धरून फुगडीला उभी राहिली.